गोंदणाची जखम : सुई, थुंकी, रक्त आणि शाई

गोंदणे ही मुळात जखम करण्याची क्रिया आहे. सुईचे टोक बाह्यत्वचा भेदून खालच्या अंतस्त्वचेत एक ते दोन मिलिमीटर खोल उतरते आणि प्रत्येक टोच्याबरोबर रंगाचे कण तिथे सोडते. बाह्यत्वचेच्या पेशी काही आठवड्यांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात, म्हणून वरच्या थरात अडकलेला रंग खपलीबरोबर गळून जातो. अंतस्त्वचेतला रंग मात्र जन्मभर राहतो. काजळीचा काळा कण त्वचेखालून हिरवट-निळा दिसतो तो प्रकाश त्वचेत विखुरल्यामुळे. ‘हिरवे गोंदण’ म्हटले जाते त्यात हिरवा रंग असतोच असे नाही.

ही जखम सहसा आपली आपण भरते. पहिले दोन-तीन दिवस जागा लाल होते, सुजते, तिच्यातून लस पाझरते. मग पातळ खपली धरते, खाज सुटते आणि दोन-तीन आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. ज्या जखमा अशा सरळ भरत नाहीत त्यांच्याशी वैद्यकाचा संबंध येतो. कुणाचे गोंदण पिकते, कुणाला त्यातून दुसऱ्याचा रोग लागतो, कुणाच्या अंगाला रंग मानवत नाही, तर कुणाचा वण जाड होऊन वर येतो. या तक्रारींचा इतिहास पाहिला, तर दोष कुठे आहे याचे उत्तर काळानुसार सरकत गेलेले दिसते. आधी दोष टोचण्यात दिसला, मग गोंदणाऱ्याच्या थुंकीत, त्यानंतर सुईला लागलेल्या रक्तात आणि शेवटी शाईत. उपचारही त्याच क्रमाने बदलले.

प्राचीन काळ

गोंदणाचा सर्वांत जुना ठोस पुरावा आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या ‘ओत्झी’च्या देहावर आहे. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्या साध्या रेघा आणि फुल्या असून त्यांचा रंग काजळीचा आहे. त्यांपैकी बऱ्याच खुणा कंबर, गुडघा आणि घोटा यांच्या आसपास आहेत. त्याच्या कंबरेच्या व पायांच्या सांध्यांत झिजेच्या खुणाही आढळल्याने हे गोंदण दुखण्यावरचा इलाज म्हणून केले असावे, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर इथे गोंदणाची जखम हाच उपचार होता.

ग्रीक आणि रोमन जगात गोंदण प्रामुख्याने शिक्षेची खूण होती. पळून गेलेले गुलाम, गुन्हेगार आणि युद्धकैदी यांच्या कपाळावर अक्षरे गोंदली जात. गुलामगिरीतून सुटलेल्या आणि पुढे पैसा मिळवलेल्या माणसाला ती पुसून टाकण्याची निकड असे, आणि त्या निकडीतून वैद्यांचा एक व्यवसायच उभा राहिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याच्या औषधांच्या ग्रंथात गोंदण घालवण्याचा लेप आहे. त्याच शतकातला कवी मार्शल गुलामांच्या खुणा पुसणाऱ्या इरॉस नावाच्या वैद्याचा उल्लेख करतो.

या विषयावरचा सर्वांत तपशीलवार प्राचीन मजकूर सहाव्या शतकातील अमिडा येथील एटियस या वैद्याचा आहे. त्याने गोंदण्याच्या शाईची कृती दिली आहे. तिच्यात पाइनच्या झाडाची साल, गंजलेले कांस्य, मायफळ, हिराकसासारखे क्षार आणि व्हिनेगर येते. कांद्याच्या जातीच्या लीक या भाजीच्या रसाने जागा आधी धुवावी, मग रक्त येईपर्यंत टोचून शाई चोळावी, असे तो सांगतो. गोंदण पुसण्यासाठी त्याने दोन लेप दिले आहेत. एकात चुना, जिप्सम आणि सोडियम कार्बोनेट आहे. दुसऱ्यात मिरी, सताप आणि मध. जागा स्वच्छ करून राळ लावायची, काही दिवस बांधून ठेवायची, मग पुन्हा टोचून रक्त टिपायचे आणि लेप लावायचा, अशी ती पद्धत होती. वीस दिवसांत फारशी जखम न होता खूण जाते, असा त्याचा दावा आहे. चुन्यासारखा दाहक पदार्थ कातडी जाळून रंगासकट काढतो, हे पाहता वण मागे राहत नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. तरीही या कृतीमागचे तत्त्व, म्हणजे रंग असलेला थर मुद्दाम दुखावून खपलीवाटे बाहेर काढणे, पुढे विसाव्या शतकापर्यंत टिकले.

भारतीय वैद्यकात गोंदणावर असे प्रकरण नाही, पण वणाच्या रंगाचा विचार आहे. सुश्रुतसंहितेने जखमांवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत जखम भरल्यावर पांढरा पडलेला वण काळा करण्याचे ‘कृष्णकर्म’ आणि काळा वण त्वचेच्या रंगाचा करण्याचे ‘पांडुकर्म’ यांचा समावेश आहे. कृष्णकर्मात बिब्ब्याचे तेल आणि जनावरांच्या खुरांची राख वापरली जाई. महाराष्ट्रात बिब्बा ‘उततो’ तेव्हा काय होते हे जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहे. त्याचे तेल त्वचेवर तीव्र दाह करते आणि तो दाह ओसरल्यावर काळा डाग राहतो. गावठी इलाजांत गोंदण घालवण्यासाठी असे जाळणारे पदार्थ वापरले गेले, तिथे गोंदणाच्या जागी भाजल्याचा वण उरला.

गोंदणारीण आणि हळद

महाराष्ट्रातील आणि मध्य भारतातील पारंपरिक गोंदण बायकांनी बायकांसाठी केलेले काम होते. गोंदणारीण बहुधा भटक्या जमातीतील असे. ती दारोदार फिरे किंवा जत्रेत, आठवड्याच्या बाजारात बसे. छत्तीसगडमध्ये हे काम देवार स्त्रिया करीत, तर बैगा आदिवासींमध्ये बादी जमातीच्या स्त्रिया. कपाळावर टिळा, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू किंवा नाव असे नमुने असत. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात खलायची, तिच्यात सुया बुडवून टोचायचे, एवढे साहित्य पुरे. बैगा प्रदेशात कारळे जाळून त्यांची काजळी धरत. काही भागांत काजळी आईच्या दुधात कालवत.

टोचून झाल्यावर जागा धुऊन तेल-हळद लावणे हा सर्वत्र आढळणारा उपचार. हळदीतील कुर्कुमिन दाह कमी करते आणि काही जंतूंची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तेलाने खपली मऊ राहते. हा भाग जखमेच्या फायद्याचा होता. अनेक ठिकाणी मात्र जागा शेणाच्या पाण्यानेही धूत. शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, आणि ताज्या टोच्यांवर शेण लागणे हा त्या रोगाला मिळालेला मार्ग होता. एकाच सुयांनी एका बैठकीत गावातल्या पाच-दहा मुली गोंदवल्या जात, हा दुसरा धोका. त्याचे परिणाम लगेच दिसत नसत, म्हणून गोंदणाशी त्यांचा संबंध कुणी जोडला नाही.

हा संबंध फार उशिरा, रुग्णालयांतील नोंदींमधून स्पष्ट झाला. भिलाई येथून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात अशा ३१ कुष्ठरुग्णांची माहिती आहे, ज्यांचे चट्टे आधी गोंदणाच्या जागी उमटले होते. रस्त्याकडेला गोंदणाऱ्यांच्या सुया एका अंगावरून दुसऱ्या अंगावर निर्जंतुक न होता जात होत्या. कुष्ठरोगाचे जंतू अत्यंत मंद वाढतात, त्यामुळे टोचणे आणि चट्टा यांत वर्षानुवर्षांचे अंतर पडते. त्वचेचा क्षयरोगही अशाच रीतीने गोंदणातून लागल्याची उदाहरणे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. या रुग्णांवर वेगळा उपचार लागत नाही. कुष्ठरोगावर बहुऔषधी उपचार, क्षयावर क्षयाची औषधे हेच चालते. अवघड असते ते रोग ओळखणे, कारण गोंदणावरचा उंचवटा बहुधा रंगाची ॲलर्जी म्हणून सोडून दिला जातो.

खलाशी, सैनिक आणि थुंकी

युरोपीय वैद्यकाचे लक्ष गोंदणाकडे वळले ते समुद्रमार्गे. कॅप्टन जेम्स कुकचे ‘एंडेव्हर’ जहाज १७६९ मध्ये ताहितीला पोचले, आणि पॉलिनेशियातील गोंदण खलाशांच्या परिचयाचे झाले. त्या बेटांवर या जखमांची देखभाल नियमांनी बांधलेली होती. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत चेहऱ्यावरचे ‘मोको’ हाडाच्या छिन्नीने कोरले जाई. तोंड इतके सुजे, की माणसाला लाकडी नरसाळ्यातून पातळ अन्न द्यावे लागे, आणि सुजेवर कराका झाडाची पाने लावत. खलाशांनी ही कला उचलली, पण तिच्याभोवतीची पथ्ये त्यांच्याबरोबर आली नाहीत. जहाजावर सुई ओठांत धरून ओली करणे, रंगाची पूड थुंकीत कालवणे आणि टोचून झाल्यावर जागा लाळेने, तंबाखूच्या पाण्याने किंवा लघवीने धुणे ही रीत झाली.

याचे परिणाम फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी आधी नोंदले. पॅरिसच्या आँव्हालिद या वृद्ध सैनिकांच्या संस्थेतील डॉक्टर हुतँ यांनी १८५० च्या दशकात तीन हजारांच्या आसपास निवृत्त सैनिक तपासले. त्यांतील पाचशेवर जणांच्या अंगावर गोंदण होते आणि काहींचे ते काळाच्या ओघात पूर्ण पुसले गेले होते. ही माहिती न्यायवैद्यकाला हवी होती, कारण अनोळखी प्रेताची ओळख गोंदणावरून पटवायची, तर ते नाहीसे होऊ शकते का हे कळणे आवश्यक होते. हुतँ यांनीच गोंदणाऱ्याच्या तोंडातील व्रणांतून एका सैनिकाला उपदंश, म्हणजे सिफिलिस, झाल्याचीही नोंद केली.

नौदलातील शल्यचिकित्सक एर्नेस्ट बेर्शों यांनी हा विषय सर्वांत नेटाने हाताळला. त्यांचा ‘गोंदणाचा वैद्यकीय इतिहास’ हा फ्रेंच ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंदणानंतर हात सुजून काळा पडणे, मांस सडणे, अवयव कापावा लागणे आणि मृत्यू अशी प्रकरणे त्यांनी जमवली. खलाशांना गोंदणापासून परावृत्त करण्याचा आदेश फ्रेंच नौदलाने १८६० च्या सुमारास काढला, त्यामागे हीच निरीक्षणे होती. त्या काळी जंतूंची कल्पना रुजलेली नव्हती. म्हणून उपचार पोटीस बांधणे, जळवा लावणे, पू साचला की चिरा देणे आणि शेवटी अवयव कापणे एवढ्यावर थांबत.

जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत १८६७ मध्ये मांडली, आणि गोंदणाकडे पाहण्याची नजर बदलली. पिकलेली जखम ही आता बाहेरून आत गेलेल्या कशाची तरी खूण ठरली. फिलाडेल्फियातील मोरी आणि डलेस या डॉक्टरांनी १८७८ मध्ये एका गोंदणाऱ्याचा माग काढला. त्याच्या तोंडात उपदंशाचे व्रण होते, तो सुया ओठांनी ओल्या करी आणि रंगात थुंकी मिसळी. त्याच्याकडून गोंदवलेल्या १५ जणांना उपदंश झाल्याचे त्यांनी दाखवले. १८८९ मध्ये ब्रिटिश सैनिकांतही अशीच साथ नोंदली गेली. रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये ओळखला होता. त्यानंतर १८९५ मध्ये थुंकीतून आलेल्या जंतूंमुळे गोंदणाच्या जागी क्षय झाल्याची तीन प्रकरणे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली.

या काळात डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट टिपली. उपदंशाचे पुरळ अंगभर उठले, तरी लाल रंगाने गोंदलेला भाग कधी कधी मोकळा राही. लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाचा असे, आणि पारा हे त्या काळी उपदंशाचे मुख्य औषध होते. गोंदणातला पारा त्या जागेपुरता औषधाचे काम करीत होता, असे याचे स्पष्टीकरण दिले गेले. हाच पारा पुढे दुसऱ्या तक्रारीचे मूळ ठरणार होता.

यंत्र, रक्त आणि बंदी

एडिसनने १८७६ मध्ये कागदाला भोके पाडून प्रती काढण्यासाठी बनवलेल्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले होते. त्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हाताने टोचण्याच्या मानाने काम कितीतरी वेगाने होऊ लागले, टोच्यांची खोली सारखी राहू लागली आणि कातडी फाटण्याचे प्रमाण घटले. सुई तोंडात धरण्याचे कारणही उरले नाही. थुंकीतून पसरणारे रोग मागे पडले, त्यात यंत्राचा वाटा मोठा होता. उपदंशावर १९४३ पासून पेनिसिलिन वापरले जाऊ लागले आणि त्या रोगाची धास्तीही ओसरली.

यंत्राने दुसरा धोका मात्र वाढवला. दुकानात गिऱ्हाईक एकामागून एक येऊ लागले. त्याच सुया, शाईचे तेच भांडे, रक्त पुसायला तोच स्पंज आणि बादलीतले तेच पाणी दिवसभर चाले. सुईला लागलेले रक्त आधीच्या माणसाकडून पुढच्याकडे जाई. कोनी आयलंड भागातील काविळीच्या रुग्णांचा संबंध गोंदणाच्या दुकानांशी जोडून न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १ नोव्हेंबर १९६१ पासून शहरात गोंदणावर बंदी घातली. तेव्हा या काविळीचा विषाणू कुणालाही माहीत नव्हता. बारूक ब्लुंबर्ग यांच्या गटाने १९६० च्या दशकात ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ शोधले, त्यातून हिपॅटायटिस बी ची ओळख पटली. या कामासाठी ब्लुंबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूयॉर्कची बंदी १९९७ मध्ये उठली. दरम्यान हे काम बंद दाराआड चालूच राहिले.

हिपॅटायटिस बी ची पहिली लस १९८१ मध्ये आली, हिपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि त्याच दशकात एचआयव्हीच्या भीतीने दुकानांची कार्यपद्धती पार बदलली. एकदाच वापरायच्या सुया, हातमोजे, शाईच्या छोट्या कपांत काढलेला तेवढ्यापुरता रंग आणि वाफेच्या दाबाने उपकरणे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह हे नेहमीचे झाले. रक्तातून पसरणाऱ्या या रोगांवर गोंदणाच्या जागी करायचा उपचार नसतो, कारण तिथे काही दिसतच नाही; त्यामुळे इथे सगळा भर प्रतिबंधावर आला. भारतात गोंदवून घेतल्यानंतर एक वर्ष रक्तदान करता येत नाही, हा नियमही त्यातलाच आहे.

रंगाचा दोष

सुई स्वच्छ झाली तरी काही गोंदणे बिघडतच राहिली. त्यांचे स्वरूप वेगळे होते. जखम भरून महिने, कधी वर्षे लोटल्यावर एकाच रंगाचा भाग खाजू लागे, सुजे आणि वर येई. शेजारचा काळा भाग मात्र शांत असे. बहुतेक वेळा हा रंग लाल असे. पाऱ्याच्या लाल रंगाबरोबरच क्रोमियमचा हिरवा, कोबाल्टचा निळा आणि कॅडमियमचा पिवळा यांवरही अशा प्रतिक्रिया आढळल्या. कॅडमियमच्या पिवळ्याचे वैशिष्ट्य असे, की उन्हात गेल्यावर तो भाग सुजे, कारण कॅडमियम सल्फाइड प्रकाशाला प्रतिसाद देते. पाऱ्याचा वापर पुढे घटला आणि त्याच्या जागी ॲझो गटातले सेंद्रिय रंग आले, तरी ॲलर्जीत लाल रंगच आघाडीवर राहिला. या रंगांचे त्वचेत विघटन होऊन तयार होणारी संयुगे त्यामागे असावीत, असे मानले जाते.

अशा ॲलर्जीवर आधी स्टेरॉइडचे मलम आणि मग उंचवट्यातच स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने आराम पडतो, पण रंग जागेवरच असल्याने तक्रार परतते. शेवटचा उपाय म्हणजे रंग असलेला थर पातळ पापुद्र्यांनी तासून काढणे किंवा तो भाग कापून टाके घालणे. सार्कॉइडोसिस या आजारात जुन्या गोंदणावर गाठी उठतात. त्या पहिली खूण ठरून कधी फुप्फुसांचा आजार लक्षात येतो. म्हणून गाठीचा तुकडा तपासायला पाठवणे हे आता प्राथमिक पाऊल मानले जाते.

रंग शरीरात कुठे जातो, हा प्रश्न जुना आहे. रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ च्या ‘पेशीय विकृतिशास्त्र’ या ग्रंथात हातावर हिंगुळाने गोंदलेल्या सैनिकाच्या काखेतील लसिका ग्रंथीत तोच रंग अडकलेला दाखवला होता. २०१७ मध्ये युरोपीय संशोधकांनी ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी मृतांच्या लसिका ग्रंथी तपासल्या, तेव्हा टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या रंगांचे अतिसूक्ष्म कण त्यांत सापडले. उरलेला रंग त्वचेत कसा टिकतो, हे मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवले. जंतू व कचरा गिळणाऱ्या भक्षकपेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या भक्षकपेशी ते पुन्हा गिळतात. गोंदण टिकते ते या अखंड देवाणघेवाणीमुळे.

शाईतला दोष रसायनापुरता नसतो, हे २०११ च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे कळले. एकाच कलाकाराकडून गोंदवलेल्या १९ जणांच्या राखाडी छटेच्या भागावर पुरळ उठले आणि ते जाईना. कलाकाराच्या स्वच्छतेत खोट नव्हती. कारखान्यात सौम्य करून बाटलीबंद केलेल्या राखाडी शाईतच मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा पाण्यात आढळणारा जंतू होता. नेहमीची प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधे काही महिने घ्यावी लागतात. त्यानंतर शाईच्या निर्मितीवर लक्ष वाढले. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२ पासून शाईतील चार हजारांहून अधिक रसायनांवर मर्यादा घातली आणि एक निळा व एक हिरवा रंग पर्याय शोधण्यासाठी वर्षभराची मुदत देऊन २०२३ पासून त्यात आणला.

पुसण्याचे उपचार

गोंदण काढण्याची एटियसची पद्धत एकोणिसाव्या शतकात नव्या रसायनांसह परतली. पॅरिसचे डॉक्टर गास्तों वारियो यांनी १८८८ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत टॅनिक आम्लाचा दाट द्राव गोंदणावर लावून टोचायचा आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट घासायचे. जागा काळी पडे, घट्ट खपली धरे आणि ती सुमारे दोन आठवड्यांनी गळे. मिठाने घासून कातडी सोलणे, फिरत्या ब्रशने त्वचा खरवडणे आणि कापून टाके घालणे हे विसाव्या शतकातले पर्याय होते. या सर्वांत रंगाच्या बदल्यात वण मिळे.

१९६० च्या दशकात सिनसिनाटीचे लिओन गोल्डमन यांनी माणिकाच्या लेझरने गोंदणावर प्रयोग केले. आजूबाजूची कातडी न जाळता फक्त रंग कसा फोडायचा, याचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. रंग शोषून घेईल अशी तरंगलांबी निवडायची आणि प्रकाशाचा झोत इतका क्षणिक ठेवायचा, की कण तापून फुटतील पण उष्णता बाहेर पसरणार नाही. नॅनोसेकंदाचे, पुढे पिकोसेकंदाचे झोत देणारी यंत्रे यातून आली. फुटलेले बारीक कण भक्षकपेशी व लसिका वाहून नेतात. काजळीचे पारंपरिक गोंदण लेझरला लवकर दाद देते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने १०६४ नॅनोमीटरचा झोत वापरतात, म्हणजे त्वचेचा मूळ रंग उडण्याचा धोका कमी राहतो.

लेझरच्या स्वतःच्या तक्रारीही आहेत. फोड येतात, जागा पांढरी किंवा काळी पडते. ओठ व भुवयांच्या सौंदर्यगोंदणातील फिकट रंगांत टायटॅनियम किंवा लोह असेल, तर झोत पडताच ते काळे होतात. ॲलर्जी झालेला रंग लेझरने फोडला तर तो शरीरात पसरून अंगभर पित्त उठण्याची भीती असते, म्हणून तिथे शस्त्रक्रिया बरी समजतात.

आजची पद्धत

ताज्या गोंदणाची काळजी घेण्याची आजची पद्धत जखमांविषयीच्या सर्वसाधारण ज्ञानातून आली आहे. जखम उघडी टाकून सुकवावी, खपली धरू द्यावी, असे पूर्वी मानत. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर चढते. त्यानुसार आता गोंदण साबण व स्वच्छ वाहत्या पाण्याने हलक्या हाताने धुतात, टिपून कोरडे करतात आणि साध्या मलमाचा पातळ थर लावतात किंवा हवा जाऊ देणारी पारदर्शक पट्टी चिकटवतात. खपली सोलायची नाही, ऊन टाळायचे आणि जखम भरेपर्यंत नदी, समुद्र वा तलावात उतरायचे नाही. शेवटच्या नियमाचे गांभीर्य २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रकरणातून कळते. यकृताचा आजार असलेला ३१ वर्षांचा पुरुष गोंदवल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला आणि व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूच्या संसर्गाने दगावला.

बिघडलेल्या गोंदणाचे निदान मुख्यतः काळावरून बांधतात. पहिल्या काही दिवसांत वाढती लाली, ठणका, पू आणि ताप असेल तर स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस यांचा संसर्ग समजून पुवाची तपासणी व प्रतिजैविके सुरू करतात. २००४-०५ मध्ये अमेरिकेत १३ विनापरवाना गोंदणाऱ्यांशी निगडित ४४ जणांत मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस आढळला होता, म्हणून औषध निवडताना ही शक्यताही धरतात. काही आठवड्यांनी उठलेले, न ओसरणारे पुरळ पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाची शंका आणते. महिन्यांनंतर एकाच रंगापुरती सूज दिसली तर ॲलर्जी, आणि वर्षांनंतरचा बधिर चट्टा किंवा गाठ असेल तर कुष्ठ, क्षय वा सार्कॉइडोसिस यांचा विचार करून तुकडा तपासतात. छाती, खांदा वा कानाच्या पाळीवर जाड वण उठण्याची प्रवृत्ती ज्यांना आहे, त्यांना तिथे गोंदवू नये असे सांगतात; उठलेल्या वणावर स्टेरॉइडची इंजेक्शने आणि सिलिकॉनची पट्टी वापरतात. मधुमेह, प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे किंवा हृदयाच्या झडपांचा आजार असेल, तर गोंदवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला आवश्यक मानला जातो.